वाटेत बदलणारे वादळ

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदा वर्धापनदिनी तुम्ही बोलायचे, असे आमच्या चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी ते हसण्यावारी नेले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. आजवर या व्यासपीठावर मी आले ती पाण्याचे तांबे ठेवायला आणि पाहुण्यांच्या ओटीचे ताट द्यायला. विषय कोणता घेऊ, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "जो सांगितल्यावाचून तुम्हांला चैन पडत नाही तो घ्या." तसा विषय माझ्याजवळ एकच आहे. तो सूर्याचा आहे आणि माझ्या हातून घडलेल्या एका चुकीचाही आहे. चूक आधी सांगते.

१० मे २०२४, शुक्रवार. अक्षय्य तृतीया होती. चैत्रगौरीचे शेवटचे हळदीकुंकू म्हणून आपण सगळ्या याच सभागृहात जमलो होतो. आंब्याची डाळ होती, पन्हे होते. दुपारी माझ्या फोनवर एक निरोप आला. आज रात्री साडेबारा ते पहाटे साडेचार सूर्याचे भयंकर वादळ पृथ्वीवर येणार, फोन बंद करून लांब ठेवा, असा त्यात मजकूर होता. मी तो आळीतल्या साऱ्याजणींना पाठवला. पाठवताना खाली एक ओळ माझ्या पदरची घातली : "गरोदर बायांनी या वेळात घराबाहेर पडू नये." ग्रहणात तसे पाळतात हे लहानपणापासून ऐकलेले. माझा हेतू वाईट नव्हता.

आमच्या आळीतल्या एका घरी सून पहिलटकरीण होती, दिवस भरलेले. मुलगा नोकरीनिमित्त बाहेरगावी, घरात सासूसुना दोघीच. रात्री एकच्या सुमारास तिला कळा सुरू झाल्या. फोन बंद करून कपाटात ठेवलेले. सासूबाई म्हणाल्या, साडेचार वाजेपर्यंत कळ काढ. साडेतीन तास त्या मुलीने काढले. साडेचारला दार उघडून रिक्षा बोलावली. मुलगी झाली, पण नाळ गळ्याभोवती होती. आणखी उशीर झाला असता तर सांगता येत नव्हते, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

चार दिवसांनी मी बाळ पाहायला गेले, तेव्हा सासूबाईंनी मला तो निरोप दाखवला. शेवटची ओळ माझी होती. मी त्यांना तिथेच तसे सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. उठून चहा मात्र ठेवला. आज हे सारे मी त्यांना विचारूनच सांगते आहे.

त्या दिवसापासून मनाने घेतले की, ते वादळ होते तरी काय ते समजून घ्यायचे. आपल्या मंडळातल्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी मला मराठीतून समजावले. इंग्रजी माहिती माझी मुलगी संध्याकाळी भाजी निवडताना वाचून दाखवी. जे उमगले ते माझ्या भाषेत सांगते.

पहिली गोष्ट ही की, त्या रात्रीचे वादळ खोटे नव्हते. सूर्यावर पृथ्वीच्या पंधरासोळा पट रुंद असा डागांचा एक पुंजका झाला होता. त्यातून एकामागून एक, निदान पाच लोट आपल्या दिशेने सुटले. त्या रात्री लडाखात हानले येथे आकाश तांबडे दिसले. एवढे मोठे वादळ वीस वर्षांत आले नव्हते. मग खोटे काय होते? ते समजण्यासाठी आधी सूर्यापासून निघालेल्या लोटाचे वाटेत काय होते ते पाहावे लागते.

सूर्यापासून ऊन येते, तसा एक वाराही सतत वाहत येतो. तो हवेचा नाही, विजेने भारलेल्या अतिसूक्ष्म कणांचा आहे. त्याला सौरवात म्हणतात. युजीन पार्कर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये गणिताने असा वारा असलाच पाहिजे, असे मांडले. परीक्षकांनी त्यांचा लेख नाकारला. मासिकाचे संपादक आपले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर होते. त्यांनाही ते पटले नव्हते, पण गणितात चूक सापडेना, म्हणून त्यांनी लेख छापला. पुढे याने प्रत्यक्ष गेली तेव्हा वारा निघाला.

हा वारा सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर धावतो. तरी इतका विरळ की, पृथ्वीजवळ बोटाच्या पेराएवढ्या जागेत पाचसात कण सापडावेत. सूर्य आपल्यापासून १५ कोटी किलोमीटर. ऊन तेवढे अंतर सव्वाआठ मिनिटांत येते, वाऱ्याला मात्र चार दिवस लागतात. कधी कधी सूर्यावर स्फोट होऊन कणांचा आणि त्यांत गुंतलेल्या चुंबकशक्तीचा मोठा लोट या वाऱ्यात फेकला जातो. तेच सौर वादळ.

आता मला वाटत होते, सूर्याने फेकले आणि आपल्याला लागले, जसा दगड लागतो तसे. पण तसे नाही. निघताना असते ते वादळ वेगळे आणि पोचते ते वेगळे.

एक तर ते फुगते. चुलीतून निघताना धुराचा लोट दाट असतो, आढ्यापर्यंत जाता जाता पसरतो, विरळ होतो, तसेच. पृथ्वीपाशी येईतो त्या लोटाची जाडी तीनचार कोटी किलोमीटर झालेली असते. तो आपल्यावरून पुरा जायला एक दिवस लागतो. पसरता पसरता तो थंड होतो आणि त्यातली चुंबकशक्तीही ओसरते.

दुसरे म्हणजे, त्याची चाल बदलते. जत्रेच्या गर्दीत एखादा धावू लागला तर लोक त्याला धावू देत नाहीत, आणि जो रेंगाळतो त्याला मागचे लोक पुढे लोटतात. जलद निघालेला लोट सौरवाताच्या गर्दीत मंदावतो, सावकाश निघालेला त्या वाऱ्याबरोबर ओढला जातो. याचा एक दाखला फार सुंदर आहे. १४ ऑक्टोबर २०१४ ला सूर्यावरून एक लोट निघाला. तो पृथ्वीकडे आला नाही, मंगळाकडे गेला. त्याच आठवड्यात एक धूमकेतू मंगळाजवळून जायचा होता, म्हणून पुष्कळ याने तिकडे डोळे लावून होती. लोट सेकंदाला १,००० किलोमीटरच्या सुमारास वेगाने सुटला. १७ तारखेला मंगळापाशी वेग उरला सुमारे ६५०. २२ तारखेला तो पार पलीकडे, दुसऱ्या एका धूमकेतूभोवती फिरणाऱ्या रोझेटा यानाला लागला, तेव्हा ५५०. १२ नोव्हेंबरला शनीपाशी ४५० ते ५००. म्हणजे शेवटी तो भोवतालच्या वाऱ्याच्या चालीवर आला. तीन महिन्यांनी प्लूटोच्या वाटेवरच्या यानाला त्याची जराशी चाहूल लागली. त्याच्याही पुढे असलेल्या व्हॉयेजर २ या यानाला १७ महिन्यांनी जो धक्का बसला तो बहुधा याचाच, इतकेच शास्त्रज्ञ म्हणतात. कारण तिथवर जाईतो तो इतर लोटांत मिसळून गेला होता, ओळखू येण्याजोगा राहिला नव्हता.

तिसरी गोष्ट ऐकताना माझ्या काळजाला लागली. अंगण झाडताना केरसुणीपुढे कचऱ्याचा ढीग साचत जातो. तो कचरा केरसुणीचा नव्हे, अंगणातला. जलद लोटापुढेही असाच वाटेतला वारा दाबला जातो, तापतो आणि त्याची भिंत होते. पृथ्वीवर पहिला तडाखा त्या भिंतीचा बसतो, सूर्याने फेकलेला ऐवज मागाहून येतो. कधी कधी मोठी हानी त्या पुढच्या ढिगाऱ्यानेच होते. शिक्षिकाबाई हे सांगत होत्या आणि मला माझी ती पदरची ओळ आठवत होती.

स्फोट झाला नाही तरी अशी भिंत होऊ शकते. आपण अलिबागच्या बायका, आपल्याला समुद्र सांगायला नको. लाट लांब असते तेव्हा नुसती डुलते. किनाऱ्याकडे येताना तिची मागची बाजू पुढच्या बाजूला गाठते, ती उभी होते आणि फुटते. सूर्यावरून काही ठिकाणचा वारा संथ निघतो, काही ठिकाणचा दुप्पट वेगाने. सूर्य स्वतःभोवती फिरत असल्यामुळे बागेतल्या फिरत्या फवाऱ्यासारखे हे वारे एकाच वाटेवर पाठोपाठ सुटतात. मागचा जलद वारा पुढच्या संथ वाऱ्याला गाठतो. पृथ्वीपाशी बहुतेक वेळा तो नुसता दाब असतो. पण त्याही पलीकडे, गुरूकडे जाता जाता, त्याची उभी लाट होते. म्हणजे वाटेत वादळ नेहमी ओसरतेच असे नाही, कधी ते वाटेतच घडते.

चौथी गोष्ट, लोट एकमेकांना गाठतात. मे २०२४ मध्ये झाले ते हेच. पुढचे लोट मंदावलेले, मागचे जलद. पृथ्वीवर येईतो काही एकमेकांत घुसले. दोन ओली पातळे एकत्र पिळावीत तशी त्यांतली चुंबकशक्ती आवळली गेली, म्हणून एकेकट्या लोटाने झाले नसते एवढे वादळ झाले.

याच्या उलटही होते. पुढचा लोट वाट झाडून जातो आणि मागच्याला मोकळा रस्ता मिळतो. ऑगस्ट १९७२ मध्ये असा एक लोट साडेचौदा तासांतच पृथ्वीवर आला. व्हिएतनामच्या किनाऱ्यावर अमेरिकेने समुद्रात पेरलेले चुंबकी सुरुंग त्या वेळी आपोआप उडाले.

आणि १८५९ चे वादळ तर सगळ्यांत मोठे मानतात. १ सप्टेंबरला इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर लखलखाट पाहिला आणि साडेसतरा तासांत वादळ आले. त्याच्या चार दिवस आधीच एक वादळ वाट झाडून गेले होते. त्या वेळी तारायंत्रावर काम करणाऱ्यांना विजेचे धक्के बसले. भगिनींनो, त्या वादळाची एक फार मोलाची नोंद आपल्याकडची आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत माणसे हाताने चुंबकसुईच्या नोंदी घेत असत. त्या वह्यांवरून २००३ मध्ये अभ्यासकांनी हिशेब मांडला, तेव्हा त्या दिवशी पृथ्वीची चुंबकशक्ती तिथे सुमारे १,६०० एककांनी खाली गेल्याचे निघाले. मे २०२४ च्या वादळात जगभरच्या सरासरीने हा आकडा ४०० च्या आसपास होता.

पुढे मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार असे ठरले. त्यांच्या विजेने सुया बिघडतील, म्हणून १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा आपल्या अलिबागेत आली. ज्या आवारावरून आपण बाजाराला जातो येतो, तिथे ज्यात लोह नाही असा दगड मुद्दाम आणून इमारत बांधली. मी लग्न होऊन आल्यापासून ती पाहते आहे. ती कशासाठी आहे, हे विचारावे असे मला वीस वर्षांत एकदाही सुचले नाही. सूर्याचे वादळ मापणारे घर माझ्या घरापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर असताना मी फोनवरच्या निरोपावर विश्वास ठेवला.

आता सर्वांत महत्त्वाचे. वादळ आपल्याला बाधणार की नाही, हे नुसत्या त्याच्या जोरावर ठरत नाही. त्यातल्या चुंबकाचे तोंड कुठे आहे यावर ठरते. पृथ्वी स्वतः एक मोठा चुंबक आहे. लोटातल्या चुंबकशक्तीची दिशा दक्षिणेकडे असली की ती पृथ्वीच्या चुंबकाशी जुळते आणि दार उघडते. उत्तरेकडे असली तर पुष्कळसे वादळ बाहेरच्या बाहेर सरकून जाते. ही दिशा सूर्याकडे दुर्बीण लावून नीट कळत नाही, आणि वाटेत लोट वळतो, पिळला जातो, दुसऱ्यात मिसळतो. म्हणून घराजवळ राखणदार बसवावा लागतो.

असा आपला राखणदार आहे, आदित्य एल-१. २ सप्टेंबर २०२३ ला श्रीहरिकोट्याहून निघून ६ जानेवारी २०२४ ला तो आपल्या जागी पोचला. सूर्याचे निरनिराळ्या अतिनील किरणांतले फोटो घेणारी त्यावरची दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेत घडली. वाऱ्यातले कण मोजणारे एक यंत्र अहमदाबादच्या प्रयोगशाळेचे आहे, चुंबकशक्ती मोजणारेही एक आहे. तो उभा आहे आपल्यापासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेने. मे २०२४ चे वादळ त्याने मोजले.

इथे मी माझे सातवीचे गणित केले. १५ लाखांना ४०० ने भागले की ३,७५० सेकंद, म्हणजे एक तास आणि वर दोनचार मिनिटे. वादळ ८०० च्या वेगाने आले तर अर्धा तास. म्हणजे ते येते आहे आणि त्याचे तोंड कुठे आहे, हे खात्रीने कळते ते फार तर तासभर आधी. त्याआधी दोन दिवस जो अंदाज सांगतात, त्यात दहाबारा तास पुढेमागे होणे नेहमीचे आहे. मग रात्री साडेबारा ते साडेचार ही वेळ कोणी काढली? सूर्याने नाही आणि शास्त्रज्ञांनीही नाही. ती कुणीतरी वाटेत घातली.

वादळाची खरी हानी कुठे होते तेही सांगते. आकाशातले उपग्रह, विमानांचे आणि जहाजांचे रेडिओ, आणि दूरवर जाणाऱ्या विजेच्या तारा यांना ते बाधते. १३ मार्च १९८९ ला कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात दीड मिनिटात वीज गेली आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात होते. ज्यांच्या हाती वीज आणि उपग्रह आहेत, त्यांना तासभराची सूचनाही फार उपयोगी पडते. जमिनीवर असलेल्या माणसाच्या शरीराला मात्र त्यापासून धोका नाही, कारण वर पृथ्वीचा चुंबक आणि खाली हवेचे जाड पांघरूण आहे. पोटातल्या बाळाला नाही आणि उशाजवळच्या फोनलाही नाही. उलट, अडचणीच्या रात्री तो फोन चालू असलेलाच बरा.

शेवटी एक सांगते, कारण ते ऐकून मला बरे वाटले. व्हॉयेजर १ हे यान १९७७ मध्ये निघाले. ते सूर्याच्या वाऱ्याची वेस ओलांडून बाहेर गेले की नाही, याविषयी शास्त्रज्ञांत वाद होता. मार्च २०१२ मध्ये सूर्यावर स्फोट झाला आणि त्याचा धक्का तेरा महिन्यांनी, एप्रिल २०१३ मध्ये, १,८०० कोटी किलोमीटरवरच्या त्या यानापाशी पोचला. तिथले विरळ द्रव्य त्याने तंबोऱ्याच्या तारेसारखे कापू लागले. त्या कंपावरून कळले की यान वेशीबाहेर आहे. वादळ एवढे झिजून, मंदावून, मिसळूनही शेवटी ज्याने नीट मोजले त्याला खरी गोष्ट सांगून गेले. मोजणारा मात्र हवा.

तेव्हा माझी मंडळाला एक विनंती आहे. आपल्या दाराशी एक काळा फळा आहे, त्यावर आपण सभेची तारीख लिहितो. असा भीतीचा निरोप आला तर तो पुढे पाठवण्याआधी आपल्यापैकी दोघींनी खात्री करावी, आणि मग तो कुणी सांगितला, केव्हा सांगितला, एवढे त्या फळ्यावर लिहावे. पहिले सहा महिने हे काम मी करीन. आणि प्रत्येकीने एक नियम पाळावा : निरोपात आपल्या पदरची ओळ घालू नये, मग ती कितीही मायेची असो.

ती मुलगी आता घरभर दुडुदुडु चालते. परवा तिच्या आजी तिला घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. मी तिच्या हातावर खडीसाखर ठेवली. आजी म्हणाल्या, "हिला मोठी झाल्यावर ती वेधशाळा दाखवा हो." मी दाखवीन म्हणाले.